मनोरुग्णाच्या डोक्याची जखम



वसंतातल्या या संध्याकाळी आपण घरची कामे आटोपून येथे येता, ते चार चांगल्या गोष्टी कानांवर पडाव्यात म्हणून. अशा ठिकाणी डोक्यात शिरलेल्या खिळ्याची हकिकत सांगणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत कडू काढा वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की, आम्ही बोनसवर नाहीतर कामगार कायद्यांवर बोलू. आम्ही हा विषय सांगितला, तेव्हा क्षणभर ते आमच्याकडेच संशयाने पाहू लागले! तरीही त्यांनी संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आम्ही डॉक्टर नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश उशाशी घेऊन. जखमी कामगाराच्या भरपाईसाठी भांडायचे तर डॉक्टरांचे कागद वाचता आले पाहिजेत, या गरजेपोटी हे वाचन झाले. पण आजचा विषय निवडण्याचे कारण निराळे आहे. या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती चूक आपणांपैकी कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. ज्याच्या बाबतीत ती झाली त्याच्या परवानगीने आम्ही ती सांगत आहोत. नाव मात्र सांगत नाही.

गोष्ट २००९ सालची. लाकडी पेट्या बनविण्याच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक सभासद होता. वय चौतीस. छिन्नमनस्कता या मानसिक आजारावर त्याचे सहा वर्षे औषध चालू होते. गोळ्या वेळेवर घेतल्या की तो चारचौघांसारखा काम करी. मध्ये गोळ्या सुटल्या की कानांत कोणीतरी बोलू लागे. एके दिवशी तो कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, डोकं दुखतंय. डोक्यात काहीतरी आहे." आम्ही हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणालो, "गोळ्या घे आणि झोप जा." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आम्ही पुन्हा तेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने त्याच्या डोक्याला तेल लावताना केसांखाली वाळलेले रक्त आणि काहीतरी कठीण हाताला लागलेले पाहिले. तो खिळ्याचा माथा होता. आजाराच्या भरात त्याने स्वतःच ते करून घेतले होते. तो शब्दशः खरे सांगत होता: त्याच्या डोक्यात काहीतरी होते! पण सांगणारा मनोरुग्ण असल्यामुळे आम्ही ते बोलणे त्याच्या आजाराच्या खात्यात जमा करून मोकळे झालो होतो.

येथे प्रथम एक शंका उभी राहते. डोक्यात खिळा घेऊन माणूस दोन दिवस चालतो-बोलतो कसा? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. वेदना होते ती डोक्याच्या कातडीला, हाडावरच्या पापुद्र्याला आणि मेंदूवरच्या जाड आवरणाला. प्रत्यक्ष मेंदूला टोचल्याची वेदना कळतच नाही. शिवाय बंदुकीची गोळी आणि खिळा यांत फरक आहे. गोळी वेगाने जाते आणि आपल्या वाटेबाहेरचा भागही उद्ध्वस्त करते. सावकाश शिरलेली वस्तू बहुधा आपल्या वाटेपुरते नुकसान करते. ती वाट मोठ्या रक्तवाहिनीतून किंवा मर्मस्थानातून गेली नाही, तर माणूस शुद्धीवर राहू शकतो. म्हणून "चांगला बोलतोय की, मग काय झालंय?" हा आपला नेहमीचा निकष येथे फसवा ठरतो.

या बाबतीतले जगप्रसिद्ध उदाहरण एका कामगाराचेच आहे, म्हणून ते आम्हांला विशेष जवळचे वाटते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. ठासणीची लोखंडी पहार, लांबी ३ फूट ७ इंच, वजन सव्वातेरा पौंड, त्याच्या डाव्या गालाखालून शिरून माथ्यातून बाहेर पडली. गेज बैलगाडीत ताठ बसून गावात आला आणि डॉक्टरांशी बोलला! जॉन हार्लो या तिशीच्या आतल्या गावच्या डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. त्याने केस काढले, रक्ताच्या गाठी व हाडाचे सुटे तुकडे बाहेर काढले, मोठे तुकडे जागच्या जागी बसविले आणि आत साठणारा स्राव बाहेर यावा म्हणून जखम पुरती बंद केली नाही. पुढे आत पू झाला आणि गेज बेशुद्धीत गेला, तेव्हा हार्लोने तो पू वाट करून बाहेर काढला. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया यायला अजून जवळजवळ वीस वर्षे होती. तरी गेज वाचला.

गेजला आधी कोणताही मानसिक आजार नव्हता. पण जखमेनंतर त्याचा स्वभाव पालटला, तो उद्धट आणि चंचल झाला, असे हार्लोने लिहून ठेवले आहे. मालकांनी त्याला मुकादमाची जागा परत दिली नाही. पुस्तकांतून ही गोष्ट बहुधा येथेच संपते. पण हाच गेज पुढे १८५२ पासून काही वर्षे दक्षिण अमेरिकेतील चिली देशात प्रवासी घोडागाडी हाकीत होता. लांबचा रस्ता, अनेक घोडे आणि उतारू सांभाळणे हे काम डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाचे नव्हे. अखेर त्याला फेफरे येऊ लागले आणि १८६० साली तो वारला. यावरून दोन गोष्टी दिसतात. डोक्याची जखम आणि मन यांची ताटातूट करता येत नाही, ही एक. आणि नियमित काम व ठरलेली दिनचर्या मिळाली तर मोडलेला माणूसही पुष्कळ सावरतो, ही दुसरी.

आता आमच्या सभासदाकडे वळू. बायकोने हाका मारल्या, आम्ही धावलो. तोवर त्याचा मेव्हणा पक्कड घेऊन तयार होता. आम्ही त्याचा हात धरला, तो शहाणपणाने नव्हे तर रक्ताच्या भीतीने. पण ती भीती योग्य ठरली. आत शिरलेली वस्तू कधीकधी फाटलेल्या रक्तवाहिनीला बुचासारखी बसलेली असते. ती घरी, रस्त्यात किंवा दवाखान्याच्या ओट्यावर ओढून काढली तर बूच निघते आणि बंद कवटीच्या आत रक्तस्राव सुरू होतो. तो दाबून थांबविता येत नाही. म्हणून पहिला नियम असा: वस्तू ओढू नये, हलवू नये, तिच्यावर दाब देऊ नये. भोवती स्वच्छ कापड ठेवून ती स्थिर ठेवावी, खायला-प्यायला देऊ नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. आज महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

पहिल्या इस्पितळात आम्ही प्रामाणिकपणे सर्व सांगितले. मानसिक आजाराचे नाव ऐकताच तेथील कामावर असलेल्या डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग यांना मनोरुग्णालयात न्या." मनोरुग्णालय हे काही कवटी उघडण्याचे ठिकाण नव्हे, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण 'वेडा' हा शब्द ऐकला की जखम दिसेनाशी होते. या धावाधावीत आमचे चार तास गेले. त्या डॉक्टरांना दोष देताना आमची जीभ अडखळते. कारण दोन दिवस आधी आम्हीही वेगळे काय केले होते?

दुसऱ्या इस्पितळाच्या दारात मात्र आम्ही शहाणे झालो, म्हणजे आमच्या मते शहाणे! आम्ही सांगितले, "कामावर अपघात झाला." मानसिक आजाराचा उच्चारही केला नाही. आमचा हेतू वाईट नव्हता. एक तर पुन्हा परत पाठवतील ही धास्ती. दुसरे म्हणजे, त्या काळी भारतीय दंडविधानाच्या ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. अंथरुणावरच्या माणसाभोवती पोलिसांचा ससेमिरा नको, असे आम्हांला वाटले. बायकोलाही आम्ही गप्प राहण्यास सांगितले. ती बिचारी आमच्यावर विश्वास ठेवून गप्प राहिली.

पुढचे काम शस्त्रवैद्यांनी चोख केले. ते कसे होते, हे थोडे सांगतो. आधी श्वास, नाडी आणि शुद्ध पाहतात. मग क्ष-किरण चित्र आणि सीटी स्कॅन काढतात. जिवंत माणसाच्या कवटीच्या आतले असे चित्र इस्पितळात प्रथम १९७१ साली लंडनजवळ निघाले, ते गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंजिनियराच्या यंत्रामुळे. डॉक्टर नसलेल्या या माणसाला पुढे १९७९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चुंबकावर चालणारे एमआरआय यंत्र मात्र आत लोखंड असताना वापरीत नाहीत. चुंबकाने ते लोखंडच हलेल. मोठ्या रक्तवाहिनीजवळ वस्तू असेल तर त्या वाहिनीत रंगद्रव्य सोडून निराळे चित्र काढतात. धनुर्वाताची लस, जंतूंविरुद्ध प्रतिजैविके आणि पहिल्या आठवड्यात फेफऱ्याविरुद्ध औषध, ही तयारी सोबतच चालते.

मग शस्त्रक्रिया. खिळा तेथेही उपटून काढीत नाहीत. त्याच्या भोवतीचे हाड गोलाकार कापतात, म्हणजे आत रक्त आले तर ते डोळ्यांना दिसते आणि थांबविता येते. मग खिळा आला त्याच रेषेत सरळ बाहेर घेतात. सोबत आत गेलेले केस, हाडाचा चुरा आणि मेलेला भाग काढून टाकतात. शेवटी मेंदूवरचे आवरण पाण्याचा थेंबही झिरपणार नाही असे शिवतात. कारण ते झिरपत राहिले तर त्याच वाटेने जंतू आत जातात.

या कलेचा पाया युद्धात घातला गेला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्याने बेल्जममधील रणभूमीवर अशा जखमा काळजीपूर्वक धुऊन, रबरी नळीने चुरा शोषून, लोहचुंबकाने लोखंडाचे तुकडे ओढून आणि वरची कातडी नीट शिवून, तीन महिन्यांच्या आत मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिकावरून सुमारे २९ टक्क्यांवर आणले. नंतरच्या अनुभवाने आणखी एक विवेक शिकविला: खोल रुतलेल्या प्रत्येक कणाच्या मागे लागून चांगला मेंदू नासू नये, निरुपद्रवी कण आत राहू द्यावा. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला.

आमच्या माणसाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आम्ही पेढे वाटण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी तो बोलेना, जेवेना, हाकेला उत्तर देईना. मध्येच भिंतीकडे पाहून पुटपुटे. रात्री त्याने पट्टी सोडली आणि एकटाच उठून न्हाणीघराकडे गेला. परिचारिकेच्या वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले. शस्त्रवैद्य घाबरून गेले. आत रक्त साठले की काय, पू झाला की काय, म्हणून त्याला मध्यरात्री पुन्हा सीटी स्कॅनला नेले. चित्र स्वच्छ निघाले. ते बाहेर आले आणि त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला: "हा माणूस एरवी कसा असतो?"

बंधुभगिनींनो, आजच्या व्याख्यानाचे सार या प्रश्नात आहे. डोक्याच्या रुग्णाची प्रकृती मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी एक मोजमाप घालून दिले. ते जगभर वापरतात. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हातपाय हलविण्याला ६ असे जास्तीत जास्त गुण. एकूण ३ ते १५. गुण घसरले की धोक्याची घंटा. पण जो माणूस आजारामुळे मुळातच अबोल आहे, किंवा असंबद्ध बोलतो, त्याच्या बोलण्याचे गुण कसे मोजणार? तो आज गप्प आहे तो आत रक्त साठल्यामुळे, की जुना आजार उसळल्यामुळे? हे यंत्र सांगत नाही. हे घरचा माणूस सांगतो. आणि आम्ही त्या घरच्या माणसाचे तोंड बंद करून ठेवले होते!

यात चूक दोन्ही बाजूंनी होते. आजार लपविला तर डॉक्टर मनाच्या दुखण्याला मेंदूचे दुखणे समजतात. आजार सांगितला आणि ऐकणारा पूर्वग्रहाचा असेल, तर तो मेंदूच्या दुखण्याला मनाचे दुखणे समजतो. रुग्ण गुंगीत चालला तरी "असाच आहे तो" म्हणून सोडून देतो. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक आहे. म्हणून जाणते शस्त्रवैद्य असा नियम पाळतात की, अशा रुग्णाच्या वागण्यात नवा फरक पडला तर आधी रक्तस्राव, पू, ताप, फेफरे ही शारीरिक कारणे तपासून दूर करावयाची आणि मगच मनाकडे बोट दाखवावयाचे.

शिवाय औषधांचा प्रश्न असतो. मानसिक आजाराच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोझापीन, फेफरे येण्याची शक्यता वाढवितात. आणि मेंदूला जखम झालेल्याला ती भीती आधीच असते. व्हिएतनाम युद्धात मेंदूत शिरणाऱ्या जखमा झालेल्या सैनिकांची पंधरा वर्षे पाहणी केली, तेव्हा निम्म्यांच्या आसपास लोकांना फेफऱ्याचा विकार जडलेला आढळला. लिथियमचे रक्तातील प्रमाण शरीरातल्या पाण्या-मिठाप्रमाणे वरखाली होते. दारूची सवय एकदम तुटली तर दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. गोळ्या अचानक बंद पडल्या तर मूळ आजार उसळतो. आमच्या माणसाचे तेच झाले होते. म्हणून गोळ्यांची पाकिटे, जुने कागद, व्यसन असेल तर तेही, पहिल्या तासातच डॉक्टरांपुढे ठेवले पाहिजे.

आम्ही सर्व सांगितले. शस्त्रवैद्य रागावले नाहीत. त्यांनी फक्त कपाळाला हात लावला. सकाळी मनोविकारतज्ज्ञ आले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. खाटेजवळ रात्रंदिवस एक माणूस बसविण्याची पाळी आम्ही संघटनेतून लावली. पाच दिवसांनी तो बायकोला म्हणाला, "घरी कधी जायचं?" ते वाक्य आम्हांला एखाद्या जिंकलेल्या संपापेक्षा मोठे वाटले.

आता कोणी म्हणेल, ज्याने स्वतःच हे करून घेतले त्याच्यावर एवढा खर्च आणि एवढी मेहनत का? हा प्रश्न आम्ही इस्पितळाच्या आवारात कानांनी ऐकला आहे. त्याला आमचे उत्तर कामगाराचे आहे. यंत्रावर डोळा लागून ज्याचा हात गेला, त्याच्या हातातून वाहणारे रक्त चूक कोणाची हे विचारीत नाही. जखम आधी बांधावयाची, चौकशी मागाहून. आणि आजाराने करविलेले कृत्य हा आजाराचाच भाग आहे. तापात बडबडणाऱ्याला आपण शिक्षा करतो काय?

समाधानाची गोष्ट अशी की, कायदाही आता याच बाजूला आला आहे. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २०१८ पासून तो अमलात आहे. त्याचे २१ वे कलम म्हणते की, मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीनेच वागविले पाहिजे. तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका त्याच दर्जाची मिळाली पाहिजे. ११५ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र मानसिक ताण होता असे गृहीत धरते आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा राहिला आहे. म्हणजे ज्या भीतीने आम्ही खोटे बोललो, ती भीती आता उरलेली नाही. आज कोणी तसे खोटे बोलला तर त्याला आमच्याएवढीही सबब नाही.

याच कायद्याच्या ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. ९६ वे कलम मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया करण्यास रुग्णाची समजून दिलेली संमती आणि मंडळाची परवानगी आवश्यक ठरविते. यामागे इतिहासाची एक काळी बाजू आहे. १९३५ साली पोर्तुगालच्या मोनिझ यांनी मानसिक आजारासाठी मेंदूचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९४९ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार घालून तेच काम झटपट उरकण्याची रीत काढली. हजारो रुग्णांच्या मेंदूंना या रीतीने जखमा झाल्या, त्या डॉक्टरांच्याच हातून! मनोरुग्णाला विचारावयाचे काय, असे एकदा ठरले की विद्वानही कोठवर जातात, ते यातून दिसते. म्हणून जखमेवरची शस्त्रक्रिया असो की दुसरी कोणतीही, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे आणि त्याचे ऐकणे हे सोडता येणार नाही.

आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथे मनोरुग्णालये आहेत. मेंदूचे शस्त्रवैद्य मात्र मोठ्या शहरांच्या सार्वजनिक आणि खाजगी इस्पितळांत. मध्ये रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर रुग्णाचे तास जातात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत मनोविकार आणि मेंदूची शस्त्रक्रिया हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. तसे प्रत्येक जिल्ह्यात होणे कठीण आहे. पण प्रत्येक जिल्ह्याच्या इस्पितळात शस्त्रवैद्याने मनोविकारतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी बोलावणे, यासाठी इमारत बांधावी लागत नाही. ही मागणी नागरिकांनी केली पाहिजे. मागण्या कशा कराव्यात हे शिकवायला आम्ही आहोतच!

आपल्या घरात किंवा शेजारी कोणी मनाने खचलेले असेल, तर जखमेची वाट पाहू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. मराठीतही बोलता येते.

आमचा तो सभासद आज पन्नाशीला आला आहे. पेट्यांच्या कामावर तो परत गेला नाही. मध्ये दोनदा फेफरे आले, आता औषधाने ते थांबले आहे. तो संघटनेच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्या फाडतो आणि हिशेबात आमच्या चुका काढतो. कधी तो म्हणतो, "अण्णा, आज डोकं दुखतंय." आम्ही हातातला कागद खाली ठेवतो, चष्मा काढतो आणि विचारतो, "कुठं दुखतंय? दाखव बघू."

एवढे करायला शिकण्यास आम्हांला एका माणसाचा जीव पणाला लावावा लागला. आपणांस तो लावावा लागू नये, म्हणून हे बोललो.